'आपण' म्हणजे नेमकं कोण? लिहिताना सर्वनाम कसं निवडायचं

मे महिन्यात आमच्या कॉलनीतल्या बोअरची मोटर जळाली. जळगावचा मे काय असतो ते ठाऊक असणाऱ्याला सांगायला नको. चार जण गच्चीवर जमलो, दुरुस्तीचा अंदाज काढला, आणि "तुझं मराठी चांगलं आहे" म्हणून नोटीस लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं: "आपण ठरवल्याप्रमाणे प्रत्येक घराने ३०० रुपये ५ तारखेपर्यंत द्यावेत. आपण सहकार्य केले नाही तर दुरुस्ती होणार नाही."

नोटीस जिन्यात लावली. खालच्या मजल्यावर राहणारे, मूळचे अमळनेरकडचे एक आजोबा चष्मा सरसावून ती दोनदा वाचून गेले. मग मला हाक मारून त्यांनी एवढंच विचारलं, "आपण म्हणजे कोन रे भाऊ?"

उत्तर देताना माझी तंतरली. पहिल्या ओळीतला 'आपण' म्हणजे गच्चीवरचे आम्ही चौघं. दुसऱ्या ओळीतला 'आपण' म्हणजे ते आजोबा आणि उरलेली अकरा घरं. एकच शब्द वापरून मी चौघांचा निर्णय सगळ्यांच्या नावावर खपवला होता आणि धमकी मात्र फक्त त्यांना दिली होती. मुद्दाम केलं नव्हतं. पण वाचणाऱ्याला त्याच्याशी काय घेणंदेणं?

तेव्हापासून माझं स्वतःचं किंवा दुसऱ्याचं लिखाण तपासताना मी आधी सर्वनामं बघतो, शुद्धलेखन नंतर. ही पद्धत अर्जाला चालते, भाषणाला चालते, आणि कथेला तर फारच चालते. ती इथे क्रमाने मांडतो.

पहिली पायरी: खुणा करा

मसुदा कागदावर घ्या. मोबाइलवर हे नीट होत नाही, मी करून पाहिलंय. बोलणाऱ्याची सर्वनामं (मी, आम्ही, माझा, आमचा, मला) एका रंगात, ज्याच्याशी बोलताय त्याची (तू, तुम्ही, तुझा, तुमचा) दुसऱ्या रंगात, आणि ज्याच्याबद्दल बोलताय त्याची (तो, ती, ते, हा, त्याचा, त्यांना) तिसऱ्या रंगात अधोरेखित करा. 'आपण' आणि 'आपला' यांना रंग देऊ नका, त्यांच्याभोवती गोल काढा. ते का, ते पुढे येईल.

आता कागद हात लांब करून धरा. एकच रंग दाटून दिसत असेल तर लिखाण कोणाभोवती फिरतंय ते कळेल. निरोप समारंभाचं भाषण असावं आणि सगळ्या कागदावर बोलणाऱ्याचाच रंग असावा, असं मी एकदा स्वतःच्याच भाषणात पाहिलं. निवृत्त होणाऱ्या बाईंच्या वाट्याला सबंध पानात चार खुणा आल्या होत्या.

दुसरी पायरी: क्रियापद बोलतंय तिथे सर्वनाम गप्प बसवा

मराठीत क्रियापदाच्या शेपटातच माणूस बसलेला असतो. 'येतो', 'येतेस', 'येऊ', 'आलात' एवढं म्हटलं की कोण ते कळलं. त्यामुळे आपल्याकडे सर्वनाम नसलं तरी वाक्य चालतं, आणि असलं की त्याला वजन येतं. "येतो" म्हणजे निघतो, परत भेटू. "मी येतो" म्हणजे दुसरं कोणी नको, मी येतो.

इंग्रजी वाचून-शिकून आलेल्या पिढीच्या मराठीत दर वाक्याला 'मी' येतो, कारण तिकडे तो काढताच येत नाही. उदाहरण म्हणून हा परिच्छेद घ्या:

"मी सकाळी उठलो. मी चहा घेतला. मी शेतात गेलो तेव्हा मला केळीचे घड आडवे पडलेले दिसले. मी हादरलो."

आता तोच असा:

"सकाळी उठलो, चहा घेतला. शेतात गेलो तर केळीचे घड आडवे पडलेले. मी हादरलो."

शेवटचा 'मी' मुद्दाम ठेवला. आधीचे तीन गेल्यामुळे तो ऐकू येतो. वादळात बाग झोपलेली पाहिलेला रावेर-यावलकडचा शेतकरी हे सांगताना कुठे थांबेल, ते आठवून पाहा.

पण इथे एक खड्डा आहे. भूतकाळात कर्म असलेलं क्रियापद आलं की ते कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. 'भाकर खाल्ली', 'अर्ज भरला', 'पैसे दिले'. कोणी? क्रियापद सांगत नाही. अशा जागी सर्वनाम किंवा नाव काढलंत तर करणारा गायब होतो. तक्रार अर्जात "दिनांक १२ रोजी पैसे भरले, पावती दिली नाही" असं लिहिलेलं असतं. कोणी भरले, कोणी दिली नाही, याचा अंदाज वाचणाऱ्या साहेबाने बांधायचा. "मी पैसे भरले, खिडकीवरील कर्मचाऱ्याने पावती दिली नाही" असं लिहा.

सरकारी मराठीने या खड्ड्यात बंगला बांधला आहे. "आपणांस कळविण्यात येते की", "कार्यवाही करण्यात यावी", "सदर बाब निदर्शनास आली आहे". कळवणारा कोण, करणारा कोण, बघणारा कोण? तुम्हाला असं पत्र आलं तर उत्तरात नाव किंवा पद घालून विचारा: "ही कार्यवाही कोणत्या अधिकाऱ्याने करायची आहे?" आणि स्वतः अर्ज लिहिताना या भाषेची नक्कल करू नका. अर्जदार 'मी' असतो, त्याला 'मी' म्हणायला लाजू नये.

तिसरी पायरी: गोल काढलेले 'आपण' सोडवा

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा लागतो.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, ही आपली मोठी श्रीमंती. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझ्यासोबतचे, ऐकणारा सोडून. 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यासकट. शेजारच्या गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' असा हाच भेद आहे, हिंदीत मात्र दोन्हींना 'हम'च. नवापूर-नंदुरबारकडे तिन्ही भाषा रोज कानावर पडतात, त्यामुळे हिंदीतून मराठीत येताना हा सांधा कसा निसटतो ते तिथल्या बाजारात उभं राहिलं तरी समजतं.

"आम्ही जेवायला चाललोय" ऐकून पाहुणा ओट्यावर बसून राहील. "आपण जेवायला चाललोय" म्हटलं की तो चप्पल शोधेल.

अडचण ही की 'आपण' एवढंच काम करत नाही. तो किमान चार माणसं आहे. एक, तुम्ही-आम्ही सगळे ("आपण उद्या जाऊ"). दोन, आदराचा समोरचा ("आपण कधी आलात?"). तीन, कोणीही माणूस ("आपण बरं, आपलं काम बरं"). चार, पोरांच्या बोलण्यातला एकटा मी ("आपण नाय घाबरत कुणाला"). बोलताना आवाजावरून आणि हातवाऱ्यावरून निभावतं. कागदाला हात नसतात.

बहुतेक वेळा क्रियापद सोडवणूक करतं: 'आहोत' आलं तर आपण सगळे, 'आहात' आलं तर समोरचा. पण वरच्या खड्ड्यातली क्रियापदं आठवा. "आपण पैसे भरले", "आपण ठरवल्याप्रमाणे", "आपण अर्ज भरावा", "आपण हे केलं पाहिजे". यांत आहोत-आहात काहीच दिसत नाही. माझी नोटीस नेमकी इथेच आपटली.

म्हणून नियम सोपा ठेवलाय. 'आपण'सोबत 'पाहिजे', 'भरावे', 'ठरवल्याप्रमाणे', 'केले' असं काही आलं की तो 'आपण' काढायचा आणि त्या जागी खरं नाव लिहायचं: 'सर्व सभासदांनी', 'कार्यकारिणीने', 'तुम्ही'. वाक्य जरा रुक्ष होतं. होऊ द्या.

दुसरं म्हणजे, एकाच कागदात 'आपण'चे दोन अर्थ नकोत. लग्नपत्रिकेची गोष्ट वेगळी. तिथे "आमच्या येथे श्रीकृपेकरून" म्हणत यजमान सुरू होतो, "आपली उपस्थिती प्रार्थनीय" म्हणत पाहुण्याला मान देतो आणि तळाला घरातली चिल्लीपिल्ली "आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं!" म्हणून उडी मारतात. दोन आवाज, तीन जागी सर्वनामं, आणि कोणाचा गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. नोटिशीत तशी सोय नसते.

आता 'आम्ही' कधी आणि 'आपण' कधी? ग्रामसभेत उभं राहून पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचंय असं धरा. "आम्ही टाकी मंजूर करून आणली" यात श्रेय एका गटाचं, आणि ऐकणारा उपकाराखाली. "आपण टाकी मंजूर करून आणली" यात श्रेय वाटलं गेलं. पण टाकी गळायला लागल्यावर तोच वक्ता "आपल्या सगळ्यांची चूक झाली" म्हणाला तर? चूक वाटून टाकण्यासाठीही 'आपण' फार सोयीचा असतो. श्रेयाला 'मी' आणि चुकीला 'आपण' म्हणणारे पुढारी शोधायला लांब जावं लागत नाही. तुम्ही लिहून देत असाल तर उलट करा: श्रेय 'आपण', चूक 'मी'. भाषण देणारा कुरकुरेल, तरी देऊन बघा.

राज्यघटनेच्या उद्देशिकेचं मराठी रूप "आम्ही, भारताचे लोक" असं सुरू होतं. 'आपण' नाही. आधी मला हे खटकायचं. मग लक्षात आलं की तिथे बैठक चाललेली नाही, जाहीरनामा वाचला जातोय. 'आपण' म्हटलं असतं तर ते लोकांनी आपसात केलेलं बोलणं झालं असतं. 'आम्ही'मुळे समोर सगळं जग उभं राहतं आणि लोक त्याला सांगतात की हे आम्ही करतोय. आणि शेवटी ते संविधान देतात कोणाला, तर "स्वतःप्रत". घोषणा जगापुढे, अर्पण स्वतःला. एवढा सगळा व्यवहार दोन सर्वनामांवर उभा आहे.

चौथी पायरी: माझा की आमचा?

ही छोटी पायरी आहे, पण भाषण लिहिणाऱ्याने चुकवू नये. टिळकांचं "स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच" हे वाक्य घ्या. त्यात 'आमचा' घालून मोठ्याने म्हणून बघा. व्याकरण बिघडत नाही, दम मात्र जातो. 'आमचा हक्क' हा एका पक्षाचा ठराव वाटतो. 'माझा'मुळे जो कोणी ते उच्चारेल त्याचा तो हक्क होतो. शाळेतली प्रतिज्ञाही तशीच आहे: "भारत माझा देश आहे." अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, पण प्रत्येक पोर 'माझा' म्हणतं.

गर्दीकडून वदवून घ्यायचं वाक्य एकवचनी लिहा. गर्दीच्या वतीने तुम्ही बोलणार असाल तर अनेकवचनी.

माफीच्या पत्रालाही हाच हिशेब. "आमच्याकडून अनवधानाने चूक झाली असल्यास क्षमस्व" यात माफी मागणारा दिसतच नाही. चूक जणू आपोआप 'झाली', तीही 'असल्यास'. "माझी चूक झाली. तुमचा अर्ज मी वेळेवर पुढे पाठवला नाही." असं पत्र आलं तर पुढचा माणूस भांडायला आला असला तरी खुर्चीवर बसेल.

पाचवी पायरी: तू, तुम्ही, आपण यांची पट्टी ठरवा

लिहायच्या आधी ठरवा आणि शेवटपर्यंत मोडू नका. या लेखात मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणतोय. 'आपण' म्हटलं असतं तर अंतर वाढलं असतं, आणि वरची तिसरी पायरी लिहिताना माझीच फजिती झाली असती.

कृती सांगणाऱ्या लिखाणात आणखी एक वाट आहे, सर्वनाम अजिबात न घेण्याची. "वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजून घ्यावीत, साल काढून ठेचावीत" असं जुन्या पाककृतीत असायचं. "वांगी भाजून घ्या" म्हणजे समोर बसलेल्याला सांगणं. "मी वांगी भाजून घेतेय" हा हल्लीचा व्हिडिओवाल्यांचा प्रकार. भरीत तिन्हींत तेच होतं. पण पहिल्यात सांगणारा पुस्तकासारखा वाटतो, दुसऱ्यात चुलतीसारखा, तिसऱ्यात तुम्ही फक्त बघे असता. पाककृती असो की ठिबकच्या नळ्या धुवायची पद्धत, मला दुसरा प्रकार आवडतो.

तू-तुम्ही ही नुसती आदराची पायरी नाही. आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' हे कितीतरी मराठी घरांत आहे, म्हणून आईचा मान कमी नसतो. देवाला तर सरळ 'तू'. खान्देशात शेतकरी घरांतून बापाला आणि थोरल्या भावालाही 'तू' म्हणतात, आदर 'दादा', 'भाऊ', 'बा' या हाकेत असतो. "भाऊ, तू बस" यात जो मान आहे तो पुण्याहून आलेल्या पाहुण्याला पटकन ऐकू येत नाही. कथेत खान्देशी पात्रांच्या तोंडी 'तुम्ही' घालून त्यांना सभ्य करायला गेलात तर पात्रं भाड्याने आणल्यासारखी दिसतील.

बोलीत लिहिणार असाल तर सर्वनामांची रूपं आधी पक्की करा. अहिराणीत माझा म्हणजे 'मना', तुझा म्हणजे 'तुना', आमचा 'आमना', मला 'माले', तुला 'तुले'. जळगाव-यावल-रावेरच्या लेवा बोलीत 'माले-तुले' सापडेल, पण बाकीची घडण वेगळी. दोन्ही एका पात्राच्या तोंडी कोंबल्या की धुळ्याचा वाचक हसतो आणि फैजपूरचाही.

कथेत खरी गंमत पट्टी मोडण्यात असते. एक मुलगी कायम बापाला 'तुम्ही' म्हणत आलीय. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसली आहे.

"बाबा, गोळी घेतली का तुम्ही?"

तो मान वळवतो, बोलत नाही.

"बाबा, गोळी घ्या ना."

तरी नाही.

"बाबा… घे ना रे."

यापुढे तिच्या डोळ्यांत पाणी आलं वगैरे लिहायची गरज नाही. पण हे एकदाच. तीन पानांत तीनदा पट्टी मोडली की वाचकाला तुमचा हात दिसतो.

जाता जाता: जुन्या घरांतल्या बायका नवऱ्याला नावही घेत नसत आणि सर्वनामही टाळत. "इकडून सांगणं झालं", "तिकडून येणं व्हायचंय". दिशेलाच माणूस केलं! आता उरलंय ते 'आमचे हे'. नवऱ्यांसाठी असलेल्या या 'हे'वर कोणी प्रबंध लिहिला तर मी विकत घेईन.

सहावी पायरी: तो म्हणजे कोण?

तिसऱ्या रंगाच्या प्रत्येक खुणेपासून ती ज्याच्यासाठी आलीय त्या नावापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढा. रेघ मधल्या दुसऱ्या नावाला कापत गेली तर तिथे भांडण आहे.

"रामाने भावाला त्याच्या विहिरीवर पाहिले." विहीर कोणाची? 'त्याच्या' आहे म्हणून बहुतेक भावाची, किंवा तिसऱ्याच कोणाची. रामाची असती तर मराठीत 'आपल्या विहिरीवर' म्हणतात, कारण 'आपला' हा वाक्याच्या कर्त्याकडे परत येतो. पण सांगणारा त्याच कुटुंबातला असेल तर 'आपल्या विहिरीवर' म्हणजे आपल्या सगळ्यांच्या सामाईक विहिरीवर असंही होतं. शंका उरणार असेल तर 'स्वतःच्या' लिहा.

हे उदाहरण पुस्तकी वाटत असेल तर सामाईक विहीर असलेल्या दोन भावांना विचारा. खरेदीखतं लिहिणाऱ्यांनी हा धोका फार पूर्वी ओळखला, म्हणून ते माणसांना 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' म्हणतात. कागद कंटाळवाणा होतो, पण चाळीस वर्षांनी नातवंडं 'तो म्हणजे कोण' म्हणून कोर्टात जात नाहीत. वाटणी, भाडेकरार, उसनवारी यांच्या कागदात नाव पुन्हा पुन्हा लिहायला कंटाळू नका.

'हा' आणि 'तो' यांतलं अंतरही बघा. "हा माणूस मला म्हणाला" यात माणूस समोर ओढून आणलाय, बहुधा रागाने. "तो माणूस" लांब उभा आहे. आणि "ते लोक" म्हटलं की गावात भिंत पडते. पत्रकात 'ते लोक' लिहावंसं वाटलं तर आधी कोण ते नावानिशी लिहून पाहा. नाव लिहिताना हात थबकला तर सर्वनामही लिहायचं नव्हतं.

स्त्री-पुरुषाचा प्रश्न इथेच येतो. "शेतकऱ्याने सातबारा सोबत आणावा. त्याने आधार कार्डही आणावे." शेत बाईच्या नावावर असेल तर? 'त्याने किंवा तिने' वाचायला त्रासदायक. सोपी वाट अनेकवचनाची: "शेतकऱ्यांनी… त्यांनी…" कारण 'त्यांनी, त्यांना, त्यांचा' यांत लिंग दिसत नाही, आदराचंही तेच रूप. 'ते आले', 'त्या आल्या' इथे मात्र दिसतं. एखाद्या व्यक्तीबद्दल लिहायचंय आणि ती स्वतःला तो म्हणवते की ती, हे ठाऊक नाही, तर विचारा. अंदाजाने 'ते' लिहू नका. आपल्याकडे एकवचनी 'ते' हे लेकराला किंवा वासराला लावतात.

सातवी पायरी: गोष्टीतला 'मी' कोण ते ठरवा

हे फक्त कथा-कविता लिहिणाऱ्यांसाठी.

मराठीतला 'मी' बाई की पुरुष ते सांगत नाही, क्रियापद सांगतं. पण सगळी क्रियापदं नाही. "मी कुलूप काढलं. दिवा लावला. चुलीवर चहा ठेवला." कोण आहे? माहीत नाही. "आणि ओसरीवर येऊन बसले." आता कळलं. म्हणजे कर्म असलेल्या भूतकाळी क्रियापदांवर लेखक अख्खं पान निवेदकाचं लिंग झाकून ठेवू शकतो आणि हवं तिथे एका 'बसले'ने उघडू शकतो. अहिराणीत तर वर्तमानकाळातही सोय आहे: 'मी जास' बाईही म्हणते, पुरुषही. 'तू'मध्ये कथा सांगायची असेल तर उलट अडचण. 'तू आलास' की 'तू आलीस', वाचकाला एक तरी करावंच लागतं. 'तुम्ही आलात' केलं की सुटतं, पण सलगी जाते.

मी-निवेदनाचं बळ पाहायचं तर यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची १९६३ची कादंबरी 'कोसला' आहे. पांडुरंग सांगवीकर स्वतःची गोष्ट 'मी' म्हणूनच सांगतो, त्यामुळे तो जे सांगतो तेवढंच आपल्याला कळतं, आणि तो स्वतःला फसवतोय का, हे वाचकाने ठरवायचं. 'तो'मध्ये लिहिली असती तर कोणी तरी त्याच्यापेक्षा शहाणा त्याच्याकडे बघत राहिला असता.

कवितेत आपल्याकडे याहून जुनी युक्ती आहे: 'मी' सोडून स्वतःचं नाव घेणं. "तुका म्हणे" आलं की अभंगाचा 'मी' बाजूला सरकतो आणि तुकोबा स्वतःकडे बाहेरून बघतात. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) चार ओळींत दोन्ही करतात:

माझी माय सरसोती
माले शिकवते बोली
लेक बहिनाच्या मनी
किती गुपितं पेरली

पहिल्या दोन ओळींत 'माझी' आणि 'माले', म्हणजे आत. तिसऱ्या ओळीत एकदम 'लेक बहिना', म्हणजे बाहेर. सरस्वतीच्या डोळ्यांतून स्वतःकडे पाहिल्यासारखं. तिथे 'माझ्या मनी' म्हणून बघा. बढाई वाटायला लागते. गुपितं पेरल्याचं श्रेय आईकडे आणि आपण नुसती जमीन, हे त्या 'बहिना'मुळे साधतं.

आणि पसायदान. १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण करताना ज्ञानेश्वर "तोषोनि मज द्यावें" म्हणतात. 'मज', मला द्या. मग मागणं काय, तर खळांची व्यंकटी सांडो, भूतां परस्परें मैत्र जडो, "जो जे वांछील तो ते लाहो". मागितलं स्वतःसाठी म्हणून, पण मागण्यात स्वतः कुठेच नाही. 'मज'नंतर येतात ते 'तयां', 'जो' आणि 'तो'. सर्वनामांच्या अंगाने पसायदान एकदा सावकाश वाचा. ते पाठ असल्यामुळे बहुतेकांनी ते कधी वाचलेलंच नसतं.

कसरत म्हणून हे करा. तुमच्या आयुष्यातला एक छोटा प्रसंग दहा ओळींत 'मी'ने लिहा, मग 'तो' किंवा 'ती'ने, मग स्वतःचं नाव घेऊन. तिसऱ्या खेपेला काही वाक्यं लिहावीशीच वाटणार नाहीत. ती वाक्यं पहिल्या मसुद्यातूनही काढा.

शेवटची तपासणी

ज्याच्यासाठी लिहिलंय पण जो बैठकीत नव्हता, अशा एका माणसाला कागद वाचायला द्या. समजावून सांगू नका. प्रत्येक 'आपण' आणि 'तो'वर बोट ठेवून "हा कोण?" एवढं विचारा. त्याचं उत्तर आणि तुमचं उत्तर जुळलं नाही तिथे नाव लिहा.

माझी नोटीस मी त्याच संध्याकाळी बदलली. "रविवारी गच्चीवर जमलेल्या चार सभासदांनी मोटर दुरुस्तीचा अंदाज काढला आहे. प्रत्येक घराने ३०० रुपये द्यावेत असे आम्ही सुचवतो. तुम्हाला मान्य नसेल तर ३ तारखेआधी मला सांगा. मान्य असेल तर ५ तारखेपर्यंत पैसे माझ्याकडे द्या." आधीपेक्षा लांब झाली, आणि खाली माझं नाव घालावं लागलं, कारण 'मला' म्हणजे कोण हे आजोबांनी विचारलंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तीन शंभराच्या नोटा घेऊन दारात आले. मी पावतीपुस्तक काढलं आणि सवयीने "आपणांकडून" लिहायला लागलो.

"पावतीवर मनं नाव लिख," आजोबा म्हणाले.